भंगारातला मीटर, जुनी ४०७ आणि किलोमीटरला किती फेरे

नारायणगावला माझ्या एका मित्राची टाटा ४०७ आहे. टोमॅटोच्या हंगामात ती एक दिवसाआड वाशी मार्केटला जाते. ४०७ हे मॉडेल १९८६ साली बाजारात आलं. मित्राची गाडी तितकी जुनी नसली तरी तरुणही नाही. इंजिन एकदा खोललंय, केबिनला दोनदा रंग झालाय आणि गाडी अजून घाट मुकाट्यानं चढते. दुखणं एकच होतं. रस्त्यावर गाडी चाळीसनं चालली असली की मीटरचा काटा वीस ते साठच्या मध्ये संबळ ऐकू आल्यासारखा नाचायचा. तीन वर्षांत तीन वेळा मीटर केबल बदलून झाली. चौथ्यांदा तुटली तेव्हा वायरमन म्हणाला, "हे केबलचं लफडंच नको. भंगारातून सेन्सरचा मीटर आणा, बसवून देतो."

असं म्हणणं सोपं आहे. भंगारातून आणलेला मीटर बसवला, काटा हलला, पण गाडी चाळीसनं चालताना मीटर पंचावन्न दाखवतोय, अशी कामं मी दोन-तीन ठिकाणी पाहिली होती. त्यात वायरिंगची चूक नव्हती. बसवणाऱ्याला एक गोष्ट माहीत नव्हती, एवढंच. ती आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

मीटरला तुमच्या गाडीचा वेग कळत नाही. रस्ता, टायर यातलं त्याला काहीच दिसत नाही. त्याच्यापर्यंत फक्त फेरे पोचतात, आणि एका किलोमीटरला किती फेरे येणार हे कारखान्यात ठरवून त्याचा काटा लावलेला असतो. गाडी तेवढे फेरे पाठवत असेल तर मीटर खरं बोलतो. कमी-जास्त पाठवत असेल तर मीटर कितीही नवा असो, खोटंच बोलणार.

केबलवाला मीटर आतून

गिअर बॉक्सच्या मागच्या टोकाला, जिथून मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट सुरू होतो, तिथे आत एक वर्म, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला दाता असतो. त्याला टेकून एक छोटी पिनियन, म्हणजे दातेरी चाक फिरतं, बहुतेक वेळा प्लास्टिकचं. पिनियनच्या पोटात चौकोनी भोक आणि त्यात केबलचं चौकोनी टोक. केबल म्हणजे नळीत फिरणारी, तारेवर तार गुंडाळून केलेली लवचीक शाफ्ट. तिचं दुसरं टोक मीटरच्या पाठीत घुसतं.

आतमध्ये ते टोक एक लोहचुंबक फिरवतं. चुंबकाभोवती अॅल्युमिनियमची एक वाटी असते आणि काटा त्या वाटीला जोडलेला असतो. गंमत अशी की चुंबक वाटीला कुठेही शिवत नाही. चुंबक फिरला की अॅल्युमिनियममध्ये पाण्यातल्या भोवऱ्यांसारखे छोटे वीजप्रवाह उठतात आणि त्यांच्यामुळे वाटी चुंबकामागे ओढली जाते. घरी पूर्वी लाईटचा जो काळा मीटर असायचा, ज्यात एक चकती गोल फिरताना दिसायची, ती चकतीही अॅल्युमिनियमची आणि तिला फिरवणारं तत्त्वही हेच. फरक इतकाच की गाडीच्या मीटरमध्ये वाटीला पूर्ण फिरू देत नाहीत. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचून धरते. चुंबक जितका जोरात फिरेल तितकी ओढ जास्त, आणि जिथे ओढ आणि स्प्रिंग बरोबरीत येतात तिथे काटा थांबतो. ओटो शुल्झे या जर्मन माणसानं १९०२ मध्ये बर्लिनला याचं पेटंट घेतलं. त्यानंतर ऐंशी-नव्वद वर्षं जगभरच्या गाड्यांमध्ये हेच यंत्र राहिलं. इतकं साधं आणि इतकं टिकाऊ यंत्र बदलताना मला अजूनही थोडं वाईट वाटतं.

किलोमीटरचे आकडे फिरवणारा भाग मात्र वेगळा. त्याच शाफ्टवरून दात्यांची एक साखळी निघते आणि ती आकड्यांची चाकं ढकलते. तिथे चुंबक नाही, स्प्रिंग नाही, निव्वळ दाते. त्यामुळे बिघाड ओळखायची एक फुकटची युक्ती मिळते. किलोमीटरचे आकडे बरोबर पडतायत पण काटा चुकतोय, तर दोष मीटरच्या पोटात आहे: चुंबक दुबळा झालाय किंवा स्प्रिंग थकलीय. आकडे आणि काटा दोन्ही सारख्याच प्रमाणात चुकतायत, तर मीटर निर्दोष आहे आणि फेऱ्यांचा हिशेब बिघडलाय, म्हणजे टायर किंवा दाते बदललेत. आणि काटा नुसता नाचत असेल तर नव्वद टक्के वेळा केबल. ती कोरडी पडलीय, किंवा कुठेतरी फार तीक्ष्ण वळण घेतेय. केबलच्या वळणाची त्रिज्या साधारण एक वीत तरी हवी. त्यापेक्षा जास्त वाकवली की ती अडखळत फिरते आणि शेवटी तुटते.

म्हणून आधीच सांगून ठेवतो: काटा नाचतोय एवढ्याच कारणानं हे सगळं काम काढू नका. केबल बाहेर ओढा, रॉकेलनं पुसा, हलकं ग्रीस लावा, मीटरकडच्या वीतभर भागाला मात्र ग्रीस लावू नका. फिरता फिरता ते वर चढतं आणि मीटरमध्ये शिरून वाटी चिकटवतं. निम्म्या लोकांचं काम एवढ्यातच होईल.

मित्राचं झालं नाही. केबिनचं काम करताना कुणीतरी फायरवॉलचं, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याचं भोक हलवलं होतं आणि केबलला तिथे काटकोनात वळावं लागत होतं. शिवाय मीटरच्या आतले दातेही झिजले होते आणि आकडे मधूनमधून अडकत होते.

कोणत्या पिढीचा मीटर उचलायचा

भंगारात मीटरच्या तीन पिढ्या भेटतात. पहिली केबलची. तिसरी अगदी अलीकडच्या गाड्यांची. त्यांच्या मीटरपर्यंत वेगाची वेगळी तार येतच नाही. चाकांचे सेन्सर एका कॉम्प्युटरला सांगतात, तो दोन तारांच्या सामाईक लाईनवर संदेश सोडतो, आणि मीटर त्यातून आपला संदेश वेचतो. अशा मीटरला त्याची स्वतःची गाडी सोडून दुसरीकडे नेलं तर तो मुका होतो. वर कित्येकांमध्ये चावीचं कुलूपही अडकवलेलं असतं. दिसायला हे सगळ्यात देखणे आणि भंगारवाला यांचेच जास्त पैसे मागतो. बीएस सहा, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या गाडीचा मीटर जुन्या ट्रकसाठी कोणी फुकट दिला तरी नको म्हणा.

हवी ती मधली पिढी. केबल गेली आहे, पण सामाईक लाईन अजून आलेली नाही. गिअर बॉक्सवर केबलच्या जागी एक छोटा सेन्सर बसलाय, त्याला तीन तारा, आणि त्यातली एक सरळ मीटरला. आपल्याला हवा तो सांधा हाच.

या तीन तारांच्या सेन्सरचं काम जुन्या दाराच्या बेलसारखं आहे. एक तार पुरवठ्याची, एक अर्थची, तिसरी सिग्नलची. आत एक फिरता चुंबक आणि एक चिप. चुंबकाचा एक ध्रुव समोर आला की चिप सिग्नलची तार अर्थला टेकवते, तो गेला की सोडून देते. टेकव, सोड, टेकव, सोड. एका फेऱ्यात असं चारदा करणारे सेन्सर आहेत, आठदा करणारेही. मीटर हे टक्-टक् मोजतो आणि काटा सरकवतो. दोन तारांचे सेन्सरही भेटतात. ते नुसती गुंडाळी असलेले असतात आणि स्वतःच वीज तयार करतात, पण गाडी हळू असताना त्यांचा आवाज इतका बारीक असतो की साध्या मीटरला ऐकू येत नाही. तीन तारांचाच घ्या.

मुंबईत कुर्ल्याला किंवा तुमच्या जिल्ह्याच्या गावात जिथे गाड्या तोडतात तिथे गेलात की फक्त मीटर उचलून येऊ नका. मीटर, त्याच्या पाठीत बसणारा कनेक्टर वीतभर तारांसकट कापून, गिअर बॉक्सवरचा सेन्सर, त्याची पिनियन आणि पिनियनची पितळी किंवा प्लास्टिकची बाही, एवढा संच एकाच गाडीचा हवा. सेन्सरच्या नटाचे आटे तुमच्या गिअर बॉक्सच्या तोंडाशी जुळतात का ते बघायला जुन्या केबलचा नट खिशात घेऊन जा. मीटरची पाठ खोलून बघायला मिळाली तर पातळ पट्टीवरच्या तांब्याच्या रेघांना हिरवा गंज चढलाय का ते बघा. पुराच्या पाण्यात बसलेल्या गाड्यांचे मीटर बाहेरून चकचकीत पुसलेले असतात. आणि पावती मागा. चोरीच्या मालाचा धंदा याच गल्ल्यांतून चालतो. २०२१ च्या नियमांनंतर नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रंही उभी राहिली आहेत. तिथला माल कागदासकट मिळतो.

आता मुख्य प्रश्न. हा मीटर एका किलोमीटरला किती टक्-टक् मागतो?

घरातला प्लग उत्तर देतो

काही देशांनी हे आकडे ठरवून ठेवले आहेत, हे आपलं नशीब. जपानी पद्धतीत ताशी ६० किलोमीटरला मीटरची शाफ्ट मिनिटाला ६३७ फेरे घेते. ताशी ६० म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर, म्हणजेच किलोमीटरला ६३७ फेरे. सेन्सर फेऱ्याला चार टक्-टक् देत असेल तर २५४८, आठ देत असेल तर ५०९६. अमेरिकी गाड्यांत मैलाला १००० फेरे, म्हणजे किलोमीटरला सुमारे ६२१. जर्मन घराण्याच्या कित्येक मीटरांच्या तबकडीवर अगदी खाली बारीक अक्षरात डब्ल्यू हे अक्षर आणि पुढे एक आकडा छापलेला असतो. तो एकच्या जवळ असेल तर किलोमीटरला हजाराच्या जवळपास फेरे. मीटर विकत घेण्याआधी तबकडीच्या खालच्या कडेला डोळे बारीक करून बघायची सवय लावा. तिथे पुष्कळ काही लिहिलेलं असतं आणि कोणी वाचत नाही.

आम्ही आणलेल्या मीटरवर काहीच छापलेलं नव्हतं. तो ज्या गाडीतून काढला ती जपानी मुळाची, त्यामुळे २५४८ असावा असा अंदाज, पण अंदाजावर मला गिअर बॉक्सखाली झोपायचं नव्हतं. टेबलावरच मीटर चालवून बघायला हवा होता. त्यासाठी दर सेकंदाला नेमके किती ते माहीत असलेले टक्-टक् हवेत. असा स्रोत आपल्या प्रत्येकाच्या घराच्या भिंतीत आहे. आपली वीज सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होते आणि देशभरची ग्रिड तो आकडा ४९.९ ते ५०.०५ च्या पट्ट्यात ठेवायला धडपडत असते. गल्लीतल्या कुठल्याही उपकरणापेक्षा ही मोजपट्टी भरवशाची.

प्लगची वीज थेट मीटरला लावायची नाही, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो. नऊ व्होल्टचा जुन्या पद्धतीचा जड ट्रान्सफॉर्मर घ्या, ज्यातून एसीच बाहेर येते. हल्लीचा हलका मोबाइल चार्जर इथे कामाचा नाही, तो डीसी देतो. मीटरला वेगळ्या बॅटरीवरून त्याचा नेहमीचा १२ व्होल्टचा पुरवठा द्या. चावी चालू केल्यासारखं करून सिग्नलच्या टोकाला मल्टिमीटर लावा. तिथे आपोआप पाच किंवा बारा व्होल्ट उभे दिसले तर समजायचं की मीटर स्वतःच व्होल्टेज देतो आणि ती तार कोणीतरी अर्थला टेकवायची वाट बघतो. टेकवायचं काम एक दोन-तीन रुपयांचा ट्रान्झिस्टर करतो. आम्ही बीसी ५४७ वापरला, त्याचे तीन पाय म्हणजे बेस, एमिटर आणि कलेक्टर: ट्रान्सफॉर्मरचं एक टोक दहा किलोओहमच्या रेझिस्टरमधून त्याच्या बेसला, दुसरं टोक, एमिटर आणि बॅटरीचा मायनस एकत्र, कलेक्टर सिग्नलच्या तारेला. बेस आणि एमिटरच्या मध्ये एक छोटा डायोड उलटा, नाहीतर एसीच्या उलट्या लाटेत ट्रान्झिस्टर मरतो.

बटण दाबलं. काटा उठला, थोडा थरथरला आणि सत्तरच्या किंचित पुढे जाऊन बसला.

हिशेब करा. सेकंदाला ५० म्हणजे तासाला १,८०,००० टक्-टक्. त्याला २५४८ नं भागा: ७०.६. अंदाज बरोबर निघाला. मीटर ५०९६ चा असता तर काटा पस्तीसवर थांबला असता. मित्राच्या मुलानं हे बघितलं आणि विचारलं, "काका, म्हणजे आपलं घर सत्तरनं चाललंय?" मला त्याचं हे वाक्य कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा आवडलं.

केबलच्या मीटरचीही अशी परीक्षा घेता येते. चौकोनी टोक ड्रिल मशीनमध्ये धरून फिरवायचं. फक्त दिशा आधी हातानं फिरवून तपासा. उलटा फिरवलात तर काटा शून्याच्या खिळ्यावर आपटतो आणि स्प्रिंग कामातून जाते.

गाडी किती फेरे देते

मीटरची भाषा कळली. आता गाडीची. यासाठी खडू, टेप आणि दोन माणसं लागतात.

टायरच्या बाजूला आणि जमिनीवर खडूची खूण करा, हवा नेहमीइतकी आणि गाडीत नेहमीचं वजन ठेवा, चाकाचे दहा फेरे होईपर्यंत गाडी सरळ ढकला आणि अंतर मोजा. टायर हवेत उचलून त्याच्या घेराभोवती टेप गुंडाळू नका. वजनाखाली टायर बसतो आणि उत्तर बदलतं. इथे मी मुद्दाम सोपे आकडे घेतो, कारण क्राउन-पिनियन (मागच्या अॅक्सलमधले दाते, जे प्रोपेलर शाफ्टचे फेरे कमी करून चाकांना देतात) आणि टायर गाडीगणिक वेगळे असतात. समजा दहा फेऱ्यांना २४.२ मीटर अंतर झालं. एका फेऱ्याला २.४२ मीटर, म्हणून किलोमीटरला ४१३ फेरे.

पुढे क्राउनचं प्रमाण. मागचं एक चाक जॅकवर उचला, खाली घोडी द्या, बाकीच्या चाकांना दगड लावा, गिअर न्यूट्रलला. उचललेलं चाक हातानं फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजा. इथे हमखास सगळे फसतात. एक चाक जमिनीवर आणि एक हवेत असलं की दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या डिफरन्शियलमुळे हवेतलं चाक दुप्पट फिरतं. म्हणून दहा फेऱ्यांचा हिशेब हवा असेल तर हवेतलं चाक वीस वेळा फिरवायचं. समजा तेवढ्यात शाफ्ट ४१ वेळा फिरली, तर प्रमाण ४.१. किलोमीटरला शाफ्टचे फेरे ४१३ गुणिले ४.१, साधारण १६९४.

शेवटी पिनियन. शाफ्टच्या दहा फेऱ्यांत केबलचं टोक समजा चार वेळा फिरलं. मग १६९४ चे चार दशांश म्हणजे ६७८. गाडी किलोमीटरला ६७८ फेरे देतेय आणि मीटर ६३७ मागतोय. मीटर सुमारे साडेसहा टक्के जास्त बोलणार. खरे साठ असताना चौसष्ट.

आता कोणी म्हणेल, चारनं काय बिघडतं? वेगाच्या बाबतीत खरंच फार बिघडत नाही. वेगमापकांसाठी संयुक्त राष्ट्रांचा जो ३९ क्रमांकाचा नियम आहे, तो म्हणतो की मीटरनं खऱ्यापेक्षा कमी कधीच दाखवू नये, जास्त दाखवला तर खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ताशी चार किलोमीटर इथपर्यंत चालेल. खऱ्या साठला सत्तरपर्यंत सूट. म्हणूनच जगातले बहुतेक मीटर थोडं वाढवून बोलतात. पण हीच साडेसहा टक्के चूक किलोमीटरच्या आकड्यातही शिरते. मग ऑइल बदलायची वेळ, भाड्याचा हिशेब, डिझेलचा अॅव्हरेज सगळं चुकतं.

दुरुस्तीचे दोन मार्ग. जुना मार्ग पिनियनचा: समजा तिला १६ दाते आहेत, तर १७ ची शोधा. ६७८ गुणिले १६ भागिले १७ केलं की ६३८. इतकं सुंदर जमतं ते उदाहरणातच. प्रत्यक्षात शेजारचा दात मिळतो, पण व्यास वाढल्यामुळे बाहीत बसत नाही किंवा वर्मशी घासतो. तरी भंगारवाल्याकडे पिनियनची डबी उपडी करून बघण्यासारखं सुख नाही. दुसरा मार्ग मध्ये एक छोटी डबी बसवायची. आत आर्डुइनोसारखा इवलासा कॉम्प्युटर. सेन्सरचे टक्-टक् तो ऐकतो, दोन टक्-टक्मधला वेळ मोजतो, त्याला १.०६४ नं गुणून तेवढ्या अंतरानं नवे टक्-टक् मीटरला पाठवतो. उद्या टायर बदलले तर फक्त आकडा बदलायचा. आम्ही डबीच बसवली. त्यात एक काळजी: ट्रकच्या वायरिंगमध्ये हॉर्न आणि स्टार्टरच्या वेळी व्होल्टेजचे भलते झटके येतात, त्यामुळे डबीच्या तोंडाशी फ्यूज आणि झटके शोषणारा डायोड हवाच. सेन्सरची तार सायलेन्सरपासून लांब ओढा. अर्थ गंजलेल्या चॅसीवरून घेऊ नका, मीटरच्याच अर्थवरून न्या. आणि ४०७ ची बॅटरी १२ व्होल्टची असते. मोठ्या ट्रकमध्ये २४ असतात. कारचा मीटर तिथे थेट लावलात तर धूर निघतो.

बाकीचे काटे आणि तो एक दिवा

पूर्ण मीटर बदलला की डिझेल आणि टेंपरेचरचे काटेही बदलतात, आणि तिथे वेगळाच गोंधळ होतो. टाकीतला फ्लोट म्हणजे एक सरकता रेझिस्टर. कुठल्या घराण्यात तो रिकाम्या टाकीला १० ओहम आणि भरल्या टाकीला १८० देतो, तर कुठे रिकाम्याला २४० आणि भरल्याला ३३, म्हणजे बरोबर उलटं. नव्या मीटरला जुना फ्लोट जोडला तर टाकी रिकामी होत जाईल तसा काटा वर चढेल. यावर डोकं फोडण्यापेक्षा जुनेच दोन छोटे काटे शेजारी ठेवा, नाहीतर भंगारातून फ्लोटही आणा. आम्ही जुने ठेवले, पत्र्याची पट्टी कापून नव्या मीटरच्या डावीकडे बसवले. दिसायला ठिगळ आहे, पण खरं बोलतं.

चार्जिंगचा लाल दिवा मात्र अनेकांना रडवतो. चावी फिरवली की तो लागतो, इंजिन चालू झालं की विझतो, म्हणून आपण त्याला नुसता इशारा समजतो. जुन्या अल्टरनेटरमध्ये त्या बल्बमधून जाणारा थोडासा करंटच सुरुवातीला अल्टरनेटरला जागं करतो. भंगारातल्या मीटरमध्ये बल्बऐवजी एलईडी असेल तर तेवढा करंट मिळत नाही आणि गाडी चालू असूनही बॅटरी चार्ज होत नाही. मीटर शुक्रवारी बसवला आणि सोमवारी गाडी धक्क्यावर, असं झालं की दोष बॅटरीवाल्याच्या माथी बसतो. उपाय सोपा आहे. १२ व्होल्टच्या गाडीत एलईडीच्या जोडीला समांतर ५६ ओहमच्या आसपासचा पाच वॅटचा रेझिस्टर लावा. तो गरम होतो, त्यामुळे प्लास्टिकला चिकटवू नका.

कागदाची बाजू थोडक्यात. गाडीला चालू मीटर असणं हे केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ११७ व्या नियमात येतं, त्यामुळे फिटनेसच्या वेळी बंद मीटर हा प्रश्नच असतो. स्पीड गव्हर्नर असलेल्या गाडीत तो बहुतेक वेळा याच सेन्सरच्या तारेवरून वेग वाचतो. ऑक्टोबर २०१५ नंतर बनलेल्या बहुतेक व्यापारी वाहनांना ताशी ८० ची मर्यादा लावणारं ते यंत्र कारखान्यातून किंवा विक्रेत्याकडून बसूनच येतं. अशा गाडीत सेन्सरला हात लावायचा तर गव्हर्नर बसवणाऱ्याकडूनच, नाहीतर तो भलत्याच वेगाला गाडी अडवेल. आणि किलोमीटरचा आकडा: भंगारातला मीटर त्याच्या जुन्या गाडीचे किलोमीटर घेऊन येतो. अमेरिकेत अशा वेळी जुना आकडा नव्यावर आणता येत नसेल तर शून्य करून दाराच्या चौकटीवर तारीख आणि जुन्या आकड्याची चिठ्ठी लावणं कायद्यानं बंधनकारक आहे. आपणही जुन्या आणि नव्या मीटरचे फोटो तारखेसकट काढून गाडीच्या फायलीत ठेवावेत. उद्या गाडी विकताना घेणाऱ्याला ते दाखवायचे. आकडा कमी करून द्या म्हणणारे गिऱ्हाईक वायरमनकडे रोज येतात. तो सरळ फसवणुकीचा धंदा आहे.

परीक्षा आम्ही पुणे-नाशिक रस्त्यावर घेतली. मोबाइलचा जीपीएस सपाट रस्त्यावर एकाच वेगानं जाताना चांगला आकडा देतो, वळणावर आणि झाडीखाली मागे पडतो. माझा जास्त विश्वास किलोमीटरच्या दगडांवर. काटा साठवर धरायचा आणि दगडापासून दगडापर्यंत घड्याळ लावायचं. एका दगडाला साठ सेकंद लागले पाहिजेत. एकाच दगडावर थांबू नका, काही दगड रस्ता रुंद करताना हललेले असतात. पाच दगड घ्या. आम्हाला पाच किलोमीटरला पाच मिनिटं सात सेकंद लागले, म्हणजे काटा साठ म्हणत होता तेव्हा गाडी अठ्ठावन्न-एकोणसाठनं चालली होती. डबीतला आकडा तसाच राहू दिला. एवढं वाढवून बोललेलं बरं.

महिनाभरानं मित्राचा फोन आला. आवाज नाराज होता. जुन्या मीटरवर गाडी लिटरला साडेआठ देत होती, आता आठच देतेय, तुमच्या मीटरनं अॅव्हरेज खाल्ला, असं त्याचं म्हणणं. मी विचारलं, टायर मूळ मापाचेच आहेत ना? थोडं थांबून म्हणाला, "नाही, मागच्या खेपेला एक माप लहान घातले, स्वस्त मिळाले म्हणून. आणि आता ते झिजलेतही." लहान चाक किलोमीटरला जास्त फेरे घेतं. जुना मीटर ते फेरे किलोमीटर म्हणून मोजत बसला होता, आणि मित्र तोच अॅव्हरेज वाशीच्या पार्किंगमध्ये चार जणांना छाती फुगवून सांगत होता.